फिरायला जाताय ना? मग घर कशाला हवं?

२०२४च्या सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं मित्र व्हिएन्नाला गेलो. चार रात्रींसाठी. तिघंही आयटीवाले, तिघंही पुण्यात भाड्याने राहणारे आणि तिघांचाही हट्ट एकच : हॉटेल नको, ‘प्रॉपर घर’ बघू. स्वयंपाकघर असलेलं, बाल्कनी असलेलं, जुन्या इमारतीतलं, उंच छताचं. म्हणजे कसं, व्हिएन्नात व्हिएन्नावाल्यांसारखं राहता येईल.

मिळालं तसं घर. शहराच्या सातव्या विभागात, नॉयबाऊमध्ये. दगडी जिना, लाकडी फरशी, खिडकीतून दिसणारं अंगण. पैसे भरले आणि मालकाचा मेसेज आला. वायफायचा पासवर्ड, किल्लीच्या डबीचा कोड आणि शेवटी एक ओळ : इमारतीत कुणी विचारलं तर माझे मित्र आहोत म्हणून सांगा.

आम्ही हसलो. “बघ, जुगाड इथेही चालतो,” असं कुणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

आज तो मेसेज आठवला की हसू येत नाही. या लेखात मला भांडायचंय, आणि पहिलं भांडण माझ्याशीच आहे. माझं म्हणणं साधं आहे : दुसऱ्याच्या शहरात फिरायला जाताना राहायला खोली घ्या, अख्खं घर घेऊ नका. घर तिथे राहणाऱ्यांसाठी असतं. आणि हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं ते आपल्याला, म्हणजे भाड्याच्या घरात अकरा-अकरा महिने मोजत जगणाऱ्यांना.

“गुरुवारपर्यंत”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचरा टाकायला खाली अंगणात गेलो. तिथे रंगीत झाकणांचे पाच-सहा डबे. मी एकात पिशवी टाकली. मागून आवाज आला. समोरच्या दारातल्या आजी होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “किती दिवस आहात?”

“गुरुवारपर्यंत,” मी म्हणालो. आणि घाईघाईने जोडलं, “आम्ही त्यांचे मित्र आहोत.”

त्यांनी मान हलवली. मग माझी पिशवी डब्यातून बाहेर काढली, काच वेगळी केली, कागद वेगळा केला. कुठलं काय कुठे जातं ते नीट समजावलं. शेवटी म्हणाल्या, “दर चार दिवसांनी मला हे नव्याने सांगावं लागतं.”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या होत्या. त्यांच्या मजल्यावर एक दार असं होतं की ज्यामागे शेजारी नव्हता. पहाटे पाचला जिन्यावरून खाली येणाऱ्या बॅगांची चाकं होती, चुकीच्या डब्यातल्या बाटल्या होत्या आणि दर चार दिवसांनी नवे ‘मित्र’ होते. रात्री छातीत दुखायला लागलं तर ज्या दारावर थाप मारायची, तिथे कोण असेल हे त्यांना माहीत नव्हतं.

आम्ही मात्र त्याच घराच्या बाल्कनीत कॉफी घेऊन फोटो काढला. खाली लिहिलं, ‘लिव्हिंग लाइक अ लोकल’. लोकल बाई खाली आमचा कचरा निवडत होती.

नियम होता, आम्हाला तो नको होता

आम्ही गेलो त्याच्या दोन महिने आधी, १ जुलै २०२४पासून, व्हिएन्नाने नवा नियम लागू केला होता. राहतं घर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी द्यायचं तर वर्षातून जास्तीत जास्त ९० दिवस. त्याहून जास्त द्यायचं तर खास परवानगी काढायची. शहरात काही भाग ‘निवासी क्षेत्र’ म्हणून ठरवलेले आहेत. तिथे घराचा असा धंदा करायला २०१८च्या अखेरीपासूनच मनाई आहे. पालिकेच्या मालकीची घरं तर अशी देताच येत नाहीत. शिवाय ऑस्ट्रियात पाहुणा उतरला की त्याची नोंद करायची जबाबदारी उतरवून घेणाऱ्यावर असते. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट लिहिलेला एक फॉर्म भरून घ्यायचा, खाली सही घ्यायची. हॉटेलात आपण काउंटरवर सही करतो तो हाच कागद.

आमच्याकडून कुणी सही घेतली नाही. सगळं रीतसर असतं तर मित्र असल्याचं नाटक करायची गरजच पडली नसती. हे आम्हाला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. आम्ही तिघंही इंजिनिअर. एका ओळीवरून बग कुठे आहे ते ओळखायचा पगार घेतो. आम्हाला कळलं होतं. वीस युरोंसाठी आम्ही ते कळून घेतलं नाही. माणशी रोजचे साधारण तेवढेच वाचले होते.

त्याआधी अजून एक लबाडी झाली होती. शेंगेन व्हिसासाठी राहण्याची सोय दाखवावी लागते. आम्ही काय केलं? फुकट रद्द करता येणारं हॉटेल बुक केलं, तो कागद अर्जाला जोडला, पासपोर्टवर शिक्का आला आणि त्याच संध्याकाळी हॉटेल रद्द केलं. ही युक्ती इतकी सर्रास चालते की तिला कुणी लबाडी म्हणतच नाही. ‘टिप’ म्हणतात. ज्या हॉटेलच्या नावावर आपल्याला देशात प्रवेश मिळाला, ते सोडून आपण ज्या घरात आहोत हे कुणाला सांगायचं नाही अशा घरात जाऊन राहायचं. आणि परत येऊन युरोपातले लोक कसे शिस्तीचे, यावर तीस सेकंदांचं रील टाकायचं.

जो कॉलम नाही, तो प्रश्न नाही

मी नोकरीत जे करतो त्याचा या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून सांगतो. माझं काम म्हणजे सर्चचे निकाल कोणत्या क्रमाने दाखवायचे ते ठरवणारा कोड लिहिणं. माझी कंपनी प्रवासाच्या धंद्यात नाही, पण तत्त्व तेच. टेबलात जे कॉलम असतात त्यांवर क्रम लावता येतो. किंमत, रेटिंग, अंतर, फोटोंची संख्या. ‘हे घर रिकामं नसतं तर इथे कोण राहिलं असतं’ असा कॉलम नसतो. जो कॉलम नाही, त्यावर फिल्टर लागत नाही. ज्यावर फिल्टर लागत नाही, तो प्रश्न वापरणाऱ्याला पडतच नाही.

आम्ही तो कॉलम मुद्दाम लपवतो असंही नाही. कुणी मागितलाच नाही. मीटिंगमध्ये विचारतात ते एवढंच, की बघणाऱ्यांपैकी किती जणांनी पैसे भरले. तो आकडा वर गेला की टाळ्या. नकाशावर घराचा नेमका पत्ता नसतो, एक धूसर गोल असतो. पैसे भरल्यावर पत्ता उघडतो. ग्राहकाला ही गंमत वाटते. पण नियम मोडणारं घर शोधत फिरणाऱ्या पालिकेच्या माणसालाही तोच धूसर गोल दिसतो.

म्हणून ‘सिस्टिमच तशी आहे’ हे वाक्य मला चालत नाही. सिस्टिम म्हणजे माझ्यासारखी पोरं आहेत. आणि बटण दाबणारीही माझ्यासारखीच पोरं आहेत.

माझं शेल्फ, त्यांचा फोटो

आता पुण्याची गोष्ट. व्हिएन्नाच्या आधीची, पण मला ती नीट समजली व्हिएन्नानंतर.

मी बाणेरला एका वन बीएचकेमध्ये राहायचो. ते घर मिळवायला दोन महिने लागले होते. ज्यांनी पुण्यात एकट्याने घर शोधलंय त्यांना ही प्रश्नपत्रिका पाठ असेल. बॅचलर का? आडनाव काय? नॉनव्हेज खाता का? मैत्रिणी येतात का? मग एजंटचं एक महिन्याचं भाडं, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. भाडं २४,००० रुपये.

दोन वर्षं राहिलो. मग मालक काकांचा फोन. “अरे, यंदा रिन्यू नाही करत. घरचंच माणूस राहायला येतंय.” ठीक आहे, घर त्यांचं. मी निघालो. निघताना भिंतीत ड्रिल करून बसवलेलं पुस्तकांचं शेल्फ तिथेच सोडलं, भिंत खराब होऊ नये म्हणून.

दीड महिन्याने मित्राचे आईवडील पुण्यात येणार होते म्हणून त्याने दोन दिवसांसाठी जागा शोधायला घेतली. तो मला ॲपवर एकेक फोटो दाखवत होता आणि एका फोटोत माझं शेल्फ होतं. वर प्लास्टिकचं रोपटं, ‘कोझी होम नियर आयटी हब’ असं नाव. एका रात्रीचे २,२०० रुपये. मी तिथल्या तिथे हिशेब केला. महिन्यातल्या अकरा रात्री गेल्या की २४,२००. माझ्या महिन्याच्या भाड्याहून जास्त. उरलेल्या एकोणीस रात्री निव्वळ नफा.

मला ज्या घरात आडनाव सांगून, जेवण सांगून, मैत्रिणींचा हिशेब देऊन शिरावं लागलं, तिथे आता कुणीही मोबाइलवर तीन वेळा बोट टेकवून शिरू शकत होतं. त्या दिवशी मी खूप शिव्या दिल्या. काकांना, ॲपला, तिथे येऊन राहणाऱ्या अनोळखी लोकांना.

आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात मी तो अनोळखी माणूस झालो. पाच स्टारही दिले. ‘उत्तम लोकेशन, घरासारखं वाटलं,’ असं लिहून.

हे शहर सुंदर का आहे?

व्हिएन्नाच का, असं कुणी विचारेल. बार्सिलोना आहे, लिस्बन आहे, घरचंच हवं तर आपला गोवा आहे. व्हिएन्ना अशासाठी, की घराबद्दल इतका विचार करणारी शहरं फार थोडी आहेत. आणि आम्ही तिथे जाऊन नेमकी त्याच विचाराला भोकं पाडत होतो.

पहिल्या महायुद्धाआधी व्हिएन्ना सम्राटाची राजधानी होती. लोकसंख्या वीस लाखांवर गेलेली. राजवाडे, ऑपेरा, रिंगरोडवरच्या भव्य इमारती, सगळं होतं. आणि त्याच शहरात ‘बेटगेहर’ नावाची जमात होती. म्हणजे ज्यांना खोली परवडत नाही, अख्खा दिवस पलंगही परवडत नाही, असे कामगार. ते काही तासांसाठी पलंग भाड्याने घ्यायचे. एक उठून कामावर गेला की दुसरा रात्रपाळीवरून येऊन तिथेच झोपायचा. गिरणगावात एकाच खोलीत पाळ्या लावून झोपणारे कामगार ज्यांच्या घराण्यात होऊन गेले, त्यांना हे वेगळं समजावायला नको. पाण्याचा नळ मजल्यावर एकच, सामाईक. त्याला ‘बासेना’ म्हणत.

युद्ध हरलं, साम्राज्य गेलं, शहर कंगाल झालं. आणि अशा कंगाल शहराने १९२३मध्ये घरबांधणीसाठी खास कर लावला. ह्यूगो ब्राइटनर हे पालिकेचे अर्थप्रमुख. कराचं सूत्र असं, की साध्या घराला अगदी थोडा आणि आलिशान घराला चढत्या दराने खूप जास्त. त्या पैशातून १९३४पर्यंत पालिकेने ६०,०००हून जास्त घरं बांधली.

त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध वसाहत म्हणजे कार्ल मार्क्स होफ. तिसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. मेट्रोच्या यू-४ मार्गाचं शेवटचं स्टेशन हायलिगेनश्टाट. बाहेर आलात की समोरच. एक किलोमीटरहून लांब इमारत, मोठमोठ्या कमानी, आत बागा. आर्किटेक्ट कार्ल एन, बांधकाम १९२७ ते १९३०. घरं १,३८२. बरोबर बालवाडी, धुलाईघर, न्हाणीघर, वाचनालय, दवाखाना. बेटगेहरच्या पोरांना खेळायला अंगण मिळालं. १९३४च्या फेब्रुवारीत यादवी पेटली, तेव्हा सरकारने याच इमारतीवर तोफा डागल्या. कामगारांना राहायला चांगली घरं मिळणं काही लोकांना किती खुपत होतं ते यावरून समजा.

व्हिएन्नाच्या या जुन्या पालिका-वसाहतींच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही इमारत अमुक साली घरबांधणी कराच्या पैशातून पालिकेने बांधली. पाटीवर ना नेत्याचा फोटो, ना ‘यांच्या विशेष प्रयत्नातून’. पैसा कुठून आला, तेवढंच.

आजही व्हिएन्नात पालिकेच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरं आहेत. पालिकेची घरं आणि मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांची घरं एकत्र धरली तर शहरातली साधारण निम्मी माणसं अशा घरांत राहतात. म्हणून तिथे शिक्षक, परिचारिका, ट्रामचालक शहरातच राहू शकतात. संध्याकाळी बागेत म्हातारी माणसं बुद्धिबळ खेळताना दिसतात आणि आपल्याला वाटतं, काय सुंदर शहर आहे! हे सौंदर्य आकाशातून पडलेलं नाही. त्यामागे कर आहे, कायदा आहे, आणि घरावर नफा किती कमवायचा यावर घातलेला लगाम आहे.

व्हिएन्नाचेच एक आर्किटेक्ट, अडॉल्फ लोस, यांनी १८९८मध्ये रिंगरोडवरच्या इमारतींवर सडकून टीका केली होती. बाहेरून राजवाड्याचा मुखवटा, आत भाड्याची बिऱ्हाडं. भाडेकरूला सरदार असल्याचा भास विकायचा. आज मुखवटा उलटा झालाय. बाहेरून बिऱ्हाड आणि आत हॉटेल. आणि पर्यटकाला विकायचा भास कोणता? तर रहिवासी असल्याचा.

“पण…”

या विषयावर मित्रांशी वाद घातलाय, त्यामुळे आक्षेप मला पाठ आहेत.

“तुझ्या चार रात्रींनी शहर बुडालं का?” नाही. व्हिएन्नात घरं महागण्याची कारणं बरीच आहेत. वाढती लोकसंख्या आहे, बांधकामाचा खर्च आहे, खासगी घरांचे ठरावीक मुदतीचे करार आहेत. पण माझ्या चार रात्री म्हणजे वर्षातल्या चार. उरलेल्या रात्री तुमच्या आहेत. आपण मिळून एक घर वर्षभर भरून टाकतो आणि प्रत्येक जण म्हणतो, मी तर चारच दिवस होतो. ट्रॅफिक जॅममध्ये बसून ट्रॅफिकला शिव्या देण्यासारखं आहे हे.

“व्हिएन्ना काय स्वर्ग आहे का?” नाही. पालिकेच्या घरासाठी अर्ज करायचा तर आधी दोन वर्षं शहरात सलग राहिलेलं असावं लागतं. नवा माणूस, म्हणजे उद्या तिथे नोकरीला जाणारा तुमच्या-माझ्यासारखा, आधी खासगी बाजारातच घर शोधतो. आणि पर्यटकांकडे जाणारी घरं वजा होतात ती याच बाजारातून. म्हणजे आपण ज्याच्या वाट्याचं घर घेतो तो कुणी श्रीमंत गोरा माणूस असेलच असं नाही. तो आपलाच कॉलेजचा सीनियर असू शकतो.

“एखादी आजी रिकामी खोली देऊन चार पैसे कमावते, तिच्या पोटावर पाय का?” अजिबात नको. ती आजी त्या घरात राहते. स्वतःच्या घरातली खोली देणं, सुट्टीला गावी जाताना दोन महिने घर देणं, याला माझा विरोध नाही. ९० दिवसांची मर्यादाही त्यासाठीच आहे. माझा विरोध ज्या घरात कुणीच राहत नाही त्या घराला आहे.

“आईवडिलांना घेऊन जायचंय, त्यांना वरण-भात लागतो.” हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. माझी आईही बाहेरचं तीन दिवस खाऊ शकत नाही. पण स्वयंपाकघर असलेल्या जागा रीतसर हॉटेल म्हणूनही मिळतात. होस्टेलांमध्ये सामाईक स्वयंपाकघर असतं. शोधायला अर्धा तास जास्त लागेल. मोबाइल घ्यायच्या आधी आपण सहा रिव्ह्यू बघतोच की.

मग राहायचं कुठे?

व्हिएन्नात जागांचा तुटवडा नाही. वेस्टबानहोफ आणि मुख्य स्टेशनच्या आसपास होस्टेलं आहेत. कुटुंबाने चालवलेली छोटी पेन्शन आहेत. पेन्शन म्हणजे तिथलं साधं लॉज, सकाळच्या नाश्त्यासकट. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांची काही वसतिगृहं हॉटेल म्हणून चालवतात. त्या खोल्या तेव्हा रिकाम्याच असतात, तुम्ही राहिलात तर कुणाचं काही जात नाही. अगदी मध्यात राहायचा हट्टही नको. मेट्रो आणि ट्राम इतक्या चांगल्या आहेत की शेवटच्या स्टेशनजवळ राहिलात तरी फार तर अर्ध्या तासात जुन्या शहरात पोचता.

तरीही घरच घ्यायचं असेल तर मालकाला तीन प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः इथे राहता का? माझी नोंद करणार का? शेजाऱ्यांना माहीत आहे का? तिन्हींची उत्तरं सरळ आली तर खुशाल राहा. “मित्र आहोत म्हणून सांगा,” असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

आणि बजेट बसत नसेल तर एक शहर कमी करा. नऊ दिवसांत पाच शहरं बघून आलेल्या माणसाला प्राग कुठलं आणि बुडापेस्ट कुठलं हे फोटोतल्या तारखा बघून सांगावं लागतं. मी तसाच माणूस होतो.

मोझार्ट आणि बेथोव्हेन, दोघंही या शहरात भाड्याने राहिले. दोघांनी इतकी घरं बदलली की आज गाइड लोक त्यांचे पत्ते दाखवत हिंडतात. आपण मोठ्या भक्तीने त्या भाडेकरूंच्या दारांचे फोटो काढतो आणि रात्री झोपायला अशा घरात जातो जिथून भाडेकरू बाहेर काढलेला असतो.

परत आल्यावर मी तो पाच स्टारचा रिव्ह्यू बदलायला गेलो. मुदत संपली होती, बदलता आला नाही. तो अजून तिथे आहे. ‘घरासारखं वाटलं.’ खरंच वाटलं होतं. कारण ते घरच होतं.